मनी आणि मनी प्लांट : अज्ञातकुलशीलांना घरात घेताना

मराठी घरातल्या मांजरीचे नाव बहुधा मनी असते, आणि त्याच घरात खिडकीपाशी काचेच्या बाटलीत वाढणाऱ्या वेलीला मनी प्लांट म्हणतात. पहिली मनी बडबडगीतांतली. दुसरी इंग्रजीतल्या पैशावरून आलेली. लहान मुले हा भेद मानत नाहीत. मनीचे झाड म्हणजे आपल्या मनीसाठी लावलेले झाड, असा सरळ अर्थ ती लावतात. या बालसुलभ व्युत्पत्तीत गंमत आहे खरी. पण त्या झाडाचे पान मनीने चावले तर तिच्या तोंडाची आग होते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ती गंमत पुरती हसू देत नाही.

मांजर आणि कुंड्या एका घरात नांदू शकतात काय, यावर अलीकडे बरीच चर्चा ऐकू येते. एक पक्ष म्हणतो, मांजर असेल तर झाडांचा नाद सोडावा. ते माती उकरते, कुंड्या पाडते, पाने कुरतडते. दुसरा पक्ष म्हणतो, मांजर शहाणे असते, त्याला काय खावे ते उपजत कळते, उगाच बाऊ करू नये. आम्हांला दोन्ही पक्ष सारखेच चुकीचे वाटतात. आमच्या मते हा प्रश्न मांजराच्या स्वभावाचा कमी आणि आपल्या अज्ञानाचा जास्त आहे, आणि ते अज्ञान मुख्यतः नावांचे आहे. आम्ही वनस्पतिशास्त्राचे अधिकारी नव्हे, पशुवैद्यकाचे तर नव्हेच. परंतु प्रश्न नावांचा असेल, तर मराठीच्या अध्यापकांनी त्यावर चार शब्द लिहिणे अप्रस्तुत ठरू नये.

झाड आणि मांजर यांची गाठ आपल्या कथावाङ्मयात फार जुनी आहे. महाभारताच्या शांतिपर्वात पलित नावाचा उंदीर आणि लोमश नावाचे मांजर एकाच वडाच्या आश्रयाने राहतात. हितोपदेशात जरद्गव नावाचे आंधळे, म्हातारे गिधाड एका झाडाच्या ढोलीत राहते आणि त्या झाडावरचे पक्षी आपल्या घासातला घास त्याला देतात. तेथे दीर्घकर्ण नावाचे मांजर येते, धर्माच्या गोष्टी सांगून ढोलीत जागा मिळवते आणि पक्ष्यांची पिले एकेक करून फस्त करते. अखेर पक्षी संशयाने गिधाडालाच मारतात. ज्याचे कुळ आणि शील ठाऊक नाही त्याला थारा देऊ नये, हे या कथेचे तात्पर्य आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. 'अज्ञातकुलशील' हा शब्द मराठीत रुळला तो याच परंपरेतून. या कथेत परका आहे तो मांजर. झाड सर्वांच्या ओळखीचे आहे. आजच्या सदनिकेत मात्र भूमिका उलट झाल्या आहेत. मांजर घरचे आहे, आणि अज्ञातकुलशील पाहुणा कुंडीत बसला आहे.

हे कसे घडले, ते पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. आमच्या नगर शहराच्या जुन्या पेठांतील वाड्यांची रचना आठवावी. ओसरी, चौक, माजघर, परसदार अशी घराची वाटणी असे. तुळस चौकात, उंच वृंदावनात. त्या उंचीमागे पूज्यभाव होताच, शिवाय कुत्र्यामांजरांपासून ती आपसूक दूर राही. परसात अळू, कर्दळ, कोरफड, गवती चहा, कुंपणाला कण्हेर. मांजराचा वावर चुलीपासून कौलापर्यंत सर्वत्र. पण ते कोणाच्या मालकीचे नसे. पोट बिघडले की बाहेर जाऊन गवत खाई, आणि आपले काम उरकायला त्याला सगळी मोकळी जमीन असे. सावेडी-केडगावच्या नव्या वसाहतींत परसदार गेले, चौक गेला. मांजर दाराआड आले आणि झाडेही दाराआड आली. पूर्वी ज्यांच्यात एक अंगण होते त्यांच्यात आता एक टीपॉय उरला. मांजराने कुंडीतली माती उकरली की आपण त्याला खोडकर ठरवतो. मात्र दोनशे चौरस फुटांच्या बैठकीच्या खोलीत माती म्हणून तेवढीच जागा आपण त्याच्यासाठी शिल्लक ठेवली आहे, हे विसरतो.

परसातली झाडे ओळखीची होती. कुंडीतली तशी नाहीत. आमच्या मुद्द्याचे मर्म येथे आहे. वनस्पतिशास्त्राच्या मराठी परिभाषेत झाडांच्या गोतावळ्याला 'कुळ' म्हणतात, हा शब्द ज्याने कोणी योजला त्याला आमचा नमस्कार. सोयरीक जुळवताना आपण आधी कुळ विचारतो. रोप विकत घेताना मात्र केवळ रंगरूप पाहतो. मनी प्लांट, डिफेनबेकिया, फिलोडेंड्रॉन, सिंगोनियम, मॉन्स्टेरा, कॅलेडियम, अँथुरियम, पीस लिली ही रोपवाटिकेतली भारदस्त नावे ऐकून कोणाला काही बोध होत नाही. परंतु ही सारी मंडळी अळूच्या कुळातली आहेत, एवढे एक वाक्य उच्चारले की कोणत्याही मराठी आजीला पुढचे सांगावे लागत नाही. अळू खाजरे असते, त्यात चिंच घालावी लागते, सुरण चिरताना हाताला तेल लावावे लागते, हे ज्ञान तिच्या स्वयंपाकघरात पिढ्यानुपिढ्या आहे. या कुळातील झाडांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, आणि पान चावताच ते जिभेत व घशात टोचतात. मांजर लाळ गाळते, पंजाने तोंड खाजवते, उलटी करते, अन्नाला तोंड लावत नाही. त्याने सहसा जीव जात नाही, पण यातना होतात. डिफेनबेकियाला इंग्रजीत मुक्या करणाऱ्या काठीचे नाव मिळाले ते त्याचमुळे. त्याचा कांडका चावणाऱ्या माणसाचीही वाचा काही काळ बंद पडू शकते. म्हणजे ज्ञान घरातच होते. आयात केलेल्या नावाने ते झाकून टाकले.

आता 'लिली' हा शब्द घ्या. भाषेच्या ढिलेपणाने जीव कसा जातो, याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हांला ठाऊक नाही. पीस लिली ही लिली नव्हे. ती वर सांगितल्याप्रमाणे अळूची नातलग, तोंडाची आग करून थांबणारी. वॉटर लिली म्हणजे आपली कुमुदिनी. पहिल्या पावसासरशी कुंडीत गुलाबी फुले देणारी पावसाळी लिली तिसऱ्याच कुळातली. तिच्या कांद्यात विष असते. पुष्पगुच्छांत मिरवणारी मोठ्या पाकळ्यांची, नारिंगी परागांची एशियाटिक वा ओरिएंटल लिली ही खरी लिली. ती आणि कुळाने वेगळी असूनही तितकीच घातक असलेली डे लिली मांजराच्या मूत्रपिंडांचा नाश करतात. पान, पाकळी, देठ, पराग, फार काय फुलदाणीतले पाणीही त्याला पुरते. कुत्र्याने हेच फूल खाल्ले तर बहुधा पोट बिघडण्यावर निभावते. मांजर मात्र एक ते तीन दिवसांत मृत्युपंथाला लागू शकते. नेमके कोणते द्रव्य हे करते, ते विज्ञानाला अद्याप निश्चित सांगता आलेले नाही. पाचही झाडांना आपण एकच नाव दिले आहे, आणि त्या एका नावाच्या पोटात तोंडाची आग, पोटाची तक्रार आणि मरण अशा तीन वेगवेगळ्या गोष्टी सामावल्या आहेत.

हे आम्ही पुस्तकी माहिती म्हणून लिहीत नाही. आमच्या एका निवृत्त सहकाऱ्यांचा एका कार्यक्रमात सत्कार झाला. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ हा आपल्याकडील सत्काराचा ठरलेला विधी. पुष्पगुच्छ घरी आला, फुलदाणीत गेला. घरातली मांजरी त्याला अंग घासून गेली आणि सवयीप्रमाणे अंग चाटत बसली. तिने फूल खाल्लेच नव्हते. अंगावर पडलेले पराग तेवढे पोटात गेले. रात्री उलट्या झाल्या. मांजराला उलट्या होतातच, म्हणून घरच्यांनी सकाळची वाट पाहिली. आमचा जिल्हा दुधाचा. येथील पशुवैद्यकाचा बहुतेक दिवस गायीम्हशींत जातो. मांजरीच्या उलट्यांचा संबंध टेबलावरच्या फुलांशी असेल, हे कोणाच्याच ध्यानात येण्यासारखे नव्हते. तिसऱ्या दिवशी तिची लघवी बंद झाली आणि चौथ्या दिवशी ती गेली. सर आयुष्यभर शब्दार्थाची काटेकोर चिकित्सा करीत आलेले. त्यांनी आम्हांला एवढेच विचारले, "त्या फुलाला आपल्यात काय म्हणतात हो?" आमच्यापाशी उत्तर नव्हते, त्या फुलाला मराठीत नावच नाही.

या उलट आपल्या भाषेने ज्यांना स्वतः नाव दिले, त्या झाडांकडे पाहावे. अकोले तालुक्याच्या डोंगरांत पावसाळ्यात एक वेल फुलते. तिची फुले ज्वाळेसारखी लाल-पिवळी, पाकळ्या वर वळलेल्या. इंग्रजीत तिला ग्लोरी लिली, म्हणजे वैभवाची लिली म्हणतात. मराठीत तिचे नाव कळलावी. तिच्या कंदात कॉल्चिसीन नावाचे जहाल विष असते. माणसाचाही जीव घेण्याइतके. इंग्रजी नाव तिचे रूप पाहते, मराठी नाव तिचा गुण सांगते. बोलीभाषेत भांडणे लावून देणाऱ्याला आपण कळलाव्या म्हणतो, तेव्हाही तो इशारा कायम असतो. घाणेरी, खाजकुइली, कळलावी ही नावे कवितेत शोभतील अशी नाहीत, परंतु ती सावध करतात. रोपवाटिकेतली नावे मोह पाडण्यासाठी ठेवलेली असतात. परसातली नावे वापरातून घडलेली होती.

'पाम' या शब्दाचीही हीच कथा. अरेका पाम मांजराला निरुपद्रवी. त्याच्या शेजारी, बंगल्याच्या पायऱ्यांवर दोन बाजूंना ऐटीत ठेवलेले सायकस हेही 'सॅगो पाम' म्हणून विकले जाते. ते ताडामाडाच्या कुळातले नाहीच. फार प्राचीन अशा वेगळ्या गटातले आहे, आणि त्याच्या बिया यकृत निकामी करू शकतात. अरेका पाम सुरक्षित असल्याचे वाचून कोणी सायकस घरात आणील, तर त्याला मूर्ख म्हणता येणार नाही. त्याने शब्दावर विश्वास ठेवला, इतकेच.

आता 'मांजर शहाणे असते' या युक्तिवादाकडे वळू. ते शहाणे असते यात वाद नाही, पण त्याचे शहाणपण त्याच्या मूळ भूमीचे आहे. पाळीव मांजराचे पूर्वज पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिकेच्या कोरड्या प्रदेशातले रानमांजर. मनी प्लांट मूळचा पॅसिफिक महासागरातील मूरेआ बेटावरचा, डिफेनबेकिया अमेरिका खंडाच्या उष्ण अरण्यांतला. ज्यांची हजारो वर्षांत कधी गाठच पडली नाही, त्यांच्याविषयी उपजत ज्ञान कोठून यावे? शिवाय मांजर संपूर्ण मांसाहारी. वनस्पतींतील अनेक रासायनिक द्रव्ये निष्प्रभ करून शरीराबाहेर टाकणारे यकृतातील एक महत्त्वाचे विकर त्याच्यात तयारच होत नाही, कारण ते घडवणारे जनुक मार्जारकुळात निकामी झालेले आहे. माणसाला सहज पचणारी पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराच्या जिवावर बेतते ती याच कारणाने. आणि अंग चाटण्याची त्याची सवय पाहता, काय पोटात जावे याची निवड पुष्कळदा ते करीतच नाही. अंगावर जे पडेल ते पोटात जाते.

तरीही वनस्पतीशी त्याचे नाते केवळ वैराचे आहे, असेही नाही. अमेरिकेतील डेव्हिस येथील विद्यापीठाच्या संशोधकांनी हजाराहून अधिक मांजरपाळ्यांकडून माहिती घेऊन २०१९ मध्ये असे मांडले की, बहुतांश मांजरे अधूनमधून गवत वा पाने खातात आणि त्यापूर्वी ती आजारी दिसत नाहीत. पोटातील जंत बाहेर टाकण्याच्या पूर्वजांच्या सवयीचा हा अवशेष असावा. जपानमधील इवाते विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवले की, मांजर ज्या विशिष्ट वेलीच्या पानांवर लोळते, त्या पानांतील द्रव्य अंगाला लागल्याने डास दूर राहतात. आपल्याकडे पावसाळ्यात पडीक जागी उगवणाऱ्या खोकली नावाच्या तणाची मुळे उपटली की मांजरे तेथे येऊन अशीच लोळतात. म्हणजे मांजराला हिरवाई हवी असते. ती कोणती असावी, हे ठरवण्याची जबाबदारी त्याला दाराआड ठेवणाऱ्यावर येते.

मग करावे काय? आमच्या अल्पमतीप्रमाणे व्यवहार असा असावा. मांजर असलेल्या घरात खरी लिली, डे लिली, सायकस, कण्हेर आणि कळलावी यांना बंदी असावी. येथे तडजोडीला जागा नाही. अळूच्या कुळातली झाडे ठेवायचीच असतील तर छताला टांगून, लोंबत्या फांद्या छाटून ठेवावीत. गुलाब, मोगरा, जाई, अरेका पाम, स्पायडर प्लांट आणि घरात ठेवले जाणारे साधे नेफ्रोलेपिस नेचे खुशाल ठेवावेत. शेवंती आमच्या जिल्ह्याचे लाडके पीक, पण तिची पाने-फुले मांजराने खाल्ल्यास लाळ व उलट्या होतात. तिच्याच गोतातल्या एका फुलापासून पायरेथ्रिन हे कीटकनाशक मिळते. त्याच्या धर्तीवर कारखान्यात बनवलेले परमेथ्रिन मांजराला अत्यंत घातक असते, म्हणून झाडांवर काय फवारले जाते तेही पाहावे. कुंडीतल्या मातीवर गोटे किंवा नारळाच्या शेंड्या पसराव्यात, आणि मांजराला त्याची स्वतंत्र माती द्यावी. लिलीचा संशय आला तर उलटी होण्याची वाट न पाहता तत्काळ पशुवैद्याकडे जावे, फुलाचा तुकडा वा छायाचित्र बरोबर न्यावे. पहिल्या साधारण १८ तासांत सलाईन सुरू झाल्यास वाचण्याची आशा बरीच असते.

आणि मांजरासाठी एक परळ गहू पेरावा. नवरात्रात घटाभोवती आपण धान्य पेरतोच. नऊ दिवसांत त्याचे हिरवे-पिवळे कोंब वर येतात. तसेच हे. फक्त घटाच्या मिश्र धान्यातली ज्वारी यातून वगळावी. कोवळी ज्वारी गुरांना बाधते, हे पाथर्डी-जामखेडच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. जिरायती शेतीत वाढलेल्या माणसाला कोणते पीक कोणत्या जनावराला कोणत्या वयात चालते, याची नेमकी जाण असते. त्याचाच मुलगा शहरात सदनिका घेतो, कुंडी विकत आणतो, तेव्हा ती जाण गावाकडेच राहते. झाड हे शोभेची वस्तू आहे असे एकदा मानले की त्याला गुणदोष असतात, याचाच विसर पडतो.

या विस्मरणात आमच्या व्यवसायाचाही वाटा आहे, असे आम्हांला वाटते. फुलामुलांचे कवी म्हणून ज्यांची ओळख, ते रेव्हरंड ना. वा. टिळक आमच्याच नगरात राहिले. निसर्गकवी बालकवींना त्यांच्या घरी आसरा मिळाला. त्यांच्या कविता आजही वर्गात शिकवल्या जातात. 'औदुंबर' या कवितेवर उत्तम उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला महाविद्यालयाच्या आवारातला उंबर दाखवता येईलच, याची खात्री कोणी द्यावी? दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ साली आले. मारुती चितमपल्ली २०२५ मध्ये निवर्तले, ते प्राण्यापक्ष्यांच्या लोकनामांचे कोश मागे ठेवून. एवढी नावे जमवून ठेवणाऱ्यांच्या भाषेत आज घरातल्या दहा कुंड्यांपैकी आठांना नाव नाही. नावांचे महत्त्व आमच्या जिल्ह्याला तरी वेगळे पटवून द्यायला नको. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, तेव्हा एका नावावर किती बोलले गेले, ते सर्वांनी ऐकले आहे. त्यातला सहस्रांश उत्साह कुंडीतल्या झाडाच्या नावासाठी पुरे.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक महाविद्यालयात मराठी आणि वनस्पतिशास्त्र या विभागांनी मिळून आवारातल्या व व्हरांड्यातल्या झाडांना पाट्या लावाव्यात. पाटीवर शास्त्रीय नाव असावेच, त्याखाली कुळ असावे, आणि त्याखाली ते झाड कोणाला बाधते, हे सरळ मराठीत लिहावे. मराठी नाव नसेल तेथे विद्यार्थ्यांनी नवे घडवावे. खाजरी वेल, मुकी काठी, असे काहीही. ते सुंदर नसले तरी चालेल, खरे असावे. आणि सत्काराला लिलीच्या पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक द्यावे, किंवा मोगऱ्याची ओंजळ द्यावी. पाहुण्यांच्या घरी कोण राहते, ते आपल्याला ठाऊक नसते.